लिगँड शिकवणारी बहीण

माझा धाकटा भाऊ आयुष्यात कधी दारू प्यायला नाही. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण ते बोलायला मला अडीच वर्षं उशीर झाला, आणि तो उशीर माझ्यामुळेच झाला. आता कुणी विचारो न विचारो, मी सांगत सुटते. परवा भाजीवालीलाही सांगितलं. ती बिचारी "हो ताई" म्हणाली आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.

मी धुळ्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सासर धुळ्याचं, माहेर असोद्याचं, केळीवालं. आई, आबा, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ, एवढंच आमचं घर. तो मला अक्का म्हणायचा. मी तापट आहे, हे आधीच सांगते. पोरं मागे मला 'ॲसिड मॅडम' म्हणतात, मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच वाटायचा. घरातही माझाच शब्द चालायचा. आबा गावात कुणाचं ऐकत नसत, पण "पोरगी शिकेल आहे" म्हणून माझ्यापुढे गप्प बसत.

भावाचा स्वभाव उलटा. त्याला भांडता येत नसे. हात मात्र सोन्यासारखे. ठिबकच्या नळ्या जोडणं, मोटर उघडणं, मोबाइलची फुटलेली काच बदलणं, कशालाही नाही म्हणायचा नाही. केळीचा भरलेला घड खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेने असा चालायचा की एक फणी दुखावायची नाही. केळीला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून आबा दुसऱ्या कुणाला घड उचलू देत नसत.

बारावीनंतरच्या सुट्टीत तो माझ्याकडे महिनाभर राहिला होता. एका शनिवारी मी त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेले. सोमवारच्या शिकवणीची तयारी करायची होती, म्हटलं याच्यावरच करू. त्या दिवशी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण दर वर्षी मी तेच बोलते.

"एसटीत पाच बाकं रिकामी आहेत समज," मी म्हणाले. "लोक कसे बसतात? आधी एकेका बाकावर एकेक जण. जागा असताना कुणी परक्या माणसाला खेटून बसत नाही. धातूच्या अणूतल्या d इलेक्ट्रॉनांचंही तसंच. त्यांची पाच बाकं, सगळी सारखी. आता बाहेरून सहा लिगँड येऊन धातूला घेरतात. लिगँड म्हणजे आपल्याकडची इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देऊ करणारे. पाणी, अमोनिया, सायनाइड, असे कितीतरी. ते जवळ आले की पाची बाकं सारखी राहत नाहीत. तीन खाली जातात, दोन वर. वर बसायचं तर जास्त ऊर्जा लागते."

"मंग?"

"मग काय, लिगँड दुबळा असला, पाण्यासारखा, तर वरखाली फरक थोडाच पडतो. इलेक्ट्रॉन वर जाऊनही एकटे बसतात. लिगँड जोरकस असला, सायनाइडसारखा, तर फरक इतका वाढतो की सगळे मुकाट्याने खाली येतात आणि जोड्या करून बसतात. लोखंड तेच, इलेक्ट्रॉन तेच सहा. पण पाण्याने घेरलेलं लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं आणि सायनाइडने घेरलेलं ओढलं जात नाही."

तो हसला. "म्हंजे लोखंडाचं काहीच नई का अक्का? आजूबाजूचेच ठरवता सारं?"

"बरंचसं," मी म्हणाले, आणि मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यात अमोनिया सोडायला त्याच्या हातात ड्रॉपर दिला. पहिल्या काही थेंबांनी फिकट निळा गढूळ साका येतो. पोरांना वाटतं, बिघडलं. आणखी थेंब घातले की साका विरतो आणि नळीत गर्द निळा रंग उतरतो, दौतीतल्या शाईसारखा. तांब्याभोवतीचं पाणी हटवून अमोनियाने जागा घेतलेली असते. भावाने नळी उजेडात धरली. हात इतका स्थिर की पाणी हललं नाही. मला म्हणाला, ही घरी नेऊ का? मी खेकसले, "खेळणं आहे का ते?" नेऊ द्यायला हवी होती.

त्यानंतर आठेक वर्षं सुखाची गेली. त्याने बी.एस्सी. अर्धी सोडून शेती धरली, आबांना हायसं वाटलं. मग त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास पहिल्यांदा आईचा फोन आला की याच्या हातून घड पडला. आईला वाटलं, पाय घसरला असेल. पंधरा दिवसांनी दुसरा पडला. केळी कापायला आलेले मजूर हसले म्हणे, "छोटे भाऊ आज जोरात आहेत."

मला काही वाटलं नाही. मग एका रविवारी मी त्याला फोन केला तर त्याची जीभ जड. शब्दाला शब्द चिकटलेला. मी म्हटलं, "काय रे, झोपेत आहेस का?" तो म्हणाला, "नई, मळ्यात आहे." दुपारचे चार वाजलेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गावातली त्याच्या वयाची निम्मी पोरं संध्याकाळी ढाब्यावर बसतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या घरात दारू मी पाहिलेली होती. माझे सासरे त्यातच गेले. हात थरथरणं, बोबडी वळणं, पाय वाकडा पडणं, हे सगळं मी आठ वर्षं बघितलं होतं. शिक्षक माणसाला एकदा खूण पटली की तो उत्तरपत्रिका पुढे वाचतच नाही, थेट मार्क देतो. मी मार्क देऊन मोकळी झाले.

त्या दिवाळीत मी माहेरी तांब्याची कळशी नेली, तोटीवाली, चकचकीत. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी उपाशीपोटी प्यायलं की पोट साफ राहतं, लिव्हर सुधारतं, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. आईला बजावलं, "याला रोज सकाळी दोन ग्लास. स्वतः उभी राहून पाज." आई माझं ऐकायची. तिने उभं राहून पाजलं, पुढची दोन वर्षं, एक दिवस न चुकता.

पाचोऱ्याची मुलगी ठरली. मुलगी गोड होती, हसरी. साखरपुडा आमच्या दारात, मांडव घालून. अंगठी घालायची वेळ आली आणि याचा हात असा थरथरायला लागला की अंगठी तिच्या बोटात जाईचना. एकदा खाली पडली, सतरंजीवर शोधली, पुन्हा दिली, पुन्हा पडली. तो काहीतरी बोलायला गेला आणि तोंडातून धड शब्द आला नाही. मुलीचे मामा उठून उभे राहिले. "आजच्या दिवशी तरी सोडायची होती," म्हणाले. पंगत बसायची होती, वरण-बट्टी तयार होती, आणि पाहुणे गाड्यांत बसून निघून गेले. मुलीने जाताना वळून याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून पाटावर तसाच बसला होता.

आबा त्या दिवशी त्याला एक शब्द बोलले नाहीत. पुढेही फारसे बोलले नाहीत. त्याचं ताट आत, आबांचं ओट्यावर, असं सुरू झालं. मग तोंड उघडायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते केलं. तो म्हणाला, "अक्का, मी पेत नई. खरंच पेत नई." मी म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

आमच्याकडे रीत आहे. दारू सुटत नसली की माणसाला माळ घालतात. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू बंद, मटण बंद. ती देवासमोर दिलेली कबुली असते आणि वचनही. कितीतरी घरं त्या माळेने सावरलीत, मी तिला नावं ठेवणार नाही. मी त्याला मुक्ताईनगरला नेलं. आई सोबत होती. देवळात एक वयस्कर माळकरी होते, गोड बोलायचे. त्यांनी विचारलं, "बाळा, मनापासून सोडतोय ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हुज्जत घालेल, म्हणून मी डोळे मोठे केले. वर्गात करते तसे. तो म्हणाला, "हो."

त्याने मान वाकवली, त्यांनी माळ घातली. आईने डोळे पुसले. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं कबूल तरी केलं. परतीच्या वाटेवर मी त्याला भुसावळला रसवंतीत उसाचा रस पाजला, बक्षीस म्हणून. त्याला ग्लास एका हाताने धरवत नव्हता. दोन्ही हातांनी धरून प्यायला.

माळेनंतर थरथर वाढली. मग तर विचारू नका. नुसता पिणारा माणूस आणि माळ घालून पिणारा माणूस यात गावाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्याची कीव करतात, दुसऱ्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. एकदा तो बस स्टँडवर तोल जाऊन पडला, तर उचलायला कुणी आलं नाही. एका म्हाताऱ्याने नुसतं म्हटलं, "गळ्यातली तरी काढ रे बाबा." हे मला त्याने सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही तो गेल्यावर.

वर्षभरात त्याचे डोळे पिवळे झाले, पायांवर सूज आली. जळगावला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, लिव्हर खराब निघालं. डॉक्टरांनी सरळ त्याला विचारलं, "दारू घेता?"

तो काही बोलायच्या आत मी बोलले. "घ्यायचा. आता माळ घातलीय."

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "किती वर्षं घेत होता?" तो जमिनीकडे बघत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला, की बोल, डॉक्टरांपासून काय लपवायचं. तो म्हणाला, "हो. घेत व्हतो. चार-पाच वरीस." डॉक्टरांनी लिहून घेतलं. कोण डॉक्टर यानंतर दुसरं काही शोधेल? मी त्यांना दोष देत नाही. तरण्या पोराचं लिव्हर का गेलं, याचं उत्तर त्याच्या सख्ख्या बहिणीने खुर्चीत बसून दिलं होतं, आणि बहीण प्राध्यापक. पथ्य, व्हिटॅमिन, आराम, दारूचा थेंब नको. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

गावात त्याचं जिणं अवघड झालं म्हणून मी त्याला धुळ्याला आणलं. आठ महिने तो माझ्या घरी होता. सासूबाईंशी त्याचं छान जमलं. दोघं दुपारी शेंगा सोलत बसायचे, अर्ध्या शेंगा याच्या हातून उडायच्या आणि दोघं हसायचे. एक दिवस सासूबाई मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अवं, त्याना तोंडले वास त येत नही. मी दारुड्यासंगे जन्म काढा, माले समजस."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आई, आजकाल बिनवासाची मिळते."

बिनवासाची! अहो, तो घराबाहेर पडत नव्हता, खिशात पैसे नव्हते, पायात धड चालायचं बळ नव्हतं. कुठून आणणार होता, आकाशातून? पण मी बाई एकदा ठरवलं की ठरवलं. कपाळ माझं.

सासूबाईंच्या मोतीबिंदूची तपासणी होती. मला लेक्चर होतं म्हणून मी त्याला त्यांच्यासोबत रिक्षाने पाठवलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचा चष्मा हातात घेऊन उभा असलेला हा पोरगा पाहिला. चष्मा हातात खडखडत होता. त्यांनी त्याचं वय विचारलं आणि म्हणाल्या, "तूही बस जरा या मशिनसमोर." अर्ध्या तासाने मला फोन आला. मी वर्ग सोडून गेले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? मग बघाच." मी यंत्राला डोळा लावला. माझ्या भावाचा डोळा, एवढा मोठा, एवढा जवळ. आणि त्याच्या काळ्याभोर बुबुळाच्या कडेने गोल फिरलेलं तपकिरी-सोनेरी कडं. "हे तांबं आहे," त्या म्हणाल्या. "शरीराला थोडं तांबं लागतं, जास्तीचं लिव्हर बाहेर टाकतं. याचं लिव्हर ते टाकत नाही, जन्मापासून. साठत गेलंय. लिव्हरमध्ये, मेंदूत, डोळ्यांत. म्हणून हात थरथरतात, जीभ वळत नाही. विल्सन म्हणतात या आजाराला. तपासण्या करून घ्या, पण मला शंका नाही." मग सहज विचारलं, "इतके दिवस कसला इलाज चालू होता?"

पंधरा वर्षं तांब्यावर बोलते मी. तांब्याचे रंग, तांब्याचे नऊ d इलेक्ट्रॉन, तांब्याभोवती कोण कसं बसतं. आणि माझ्या भावाच्या डोळ्यांत तांब्याचं कडं उमटलं तरी मला दिसलं नाही, कारण मी त्याच्या डोळ्यांत बघत नव्हते, तोंडाचा वास घेत होते.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी रडले, भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत होते. त्याला म्हणाले, "चुकले रे मी. तू खरं सांगत होतास." तो म्हणाला, "जाऊ दे अक्का. आता समजलं ना?" आणि सासूबाईंचा चष्मा माझ्याकडे दिला, पडेल म्हणून.

तपासण्यांत सगळं तसंच निघालं. माझीही तपासणी झाली, सख्ख्या भावंडांची करतात. माझ्यात काही नव्हतं. एकाच आईबापाची आम्ही, त्याच्या वाट्याला तांबं आलं आणि माझ्या वाट्याला अक्कल आली म्हणे. कळशीचं आईला सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी त्याले माझ्या हातानं पाजलं वं." त्या पाण्याने आजार झाला नाही, आजार जन्माचा होता, पण भर तर पडलीच, हे मला ठाऊक होतं. तिला मी खोटंच सांगितलं की त्याने काही फरक पडला नाही.

औषध सुरू झालं, पेनिसिलॅमाइन. नाव ऐकलं आणि मला खुळ्यासारखा आनंद झाला. हा तर माझा विषय! ते औषध स्वतः एक लिगँड आहे. त्याच्याकडे गंधक आणि नायट्रोजन, दोन हात. दोन्ही हातांनी तांब्याला धरतं. एका हाताने धरलेलं सुटू शकतं, दोन हातांनी धरलेलं सहज सुटत नाही. असं बांधलेलं तांब्याचं संकुल, म्हणजे तांबं आणि त्याला धरणारे मिळून झालेला गठ्ठा, लघवीवाटे बाहेर जातं. मी गोळीचं पाकीट हातात घेऊन त्याला हे सगळं शिकवलं, फळ्यावर शिकवते तसं. बोलताना त्याला फार वेळ लागायचा आता. तरी त्याने विचारलंच, "मंग मले… निळी व्हईन का?"

"काय निळी?"

"लघवी."

आम्ही दोघं इतके हसलो की सासूबाई बघायला आल्या. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी असं हसलं होतं.

मी त्याला म्हणाले, तू बरा होशील. म्हणाले कसली, वचन दिलं. त्या जोरावर मी असोद्याला जाऊन आबांना सगळं सांगितलं. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ऐकून उठले, आत गेले आणि आईला म्हणाले, "त्याचं ताट आजपासून माझ्यासंगं मांडशीन." भाऊ धुळ्यात होता. आईने तरी त्या दिवशी रिकामं ताट मांडलं.

पण पहिल्या दोन महिन्यांत तो सुधारण्याऐवजी बिघडत गेला. हात आवळून आले. घास गिळेना. मान एका बाजूला ओढायला लागली. डॉक्टरांनी डोस कमी केला, मग औषध बदललं. मी जाऊन भांडले, हे काय चाललंय म्हणून. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, काही जणांचं या औषधाने सुरुवातीला असं होतं, नेमकं का ते खात्रीने सांगता येत नाही; साठलेलं तांबं जागचं हलतं, ते सगळंच बाहेर न जाता थोडं मेंदूकडे जात असावं. आणि आपण खूप उशिरा सुरू केलंय.

हे मला कळायला हवं होतं, निदान मला तरी. संकुल स्थिर आहे म्हणजे आतले सगळे जागेवर चिकटून बसलेत असं नसतं, हे मी दर वर्षी पोरांना सांगते. परीक्षेत हमखास विचारतात. किती घट्ट बांधलंय ही एक गोष्ट, आणि किती लवकर जागा बदलतात ही दुसरी. तांबं त्यात फारच चंचल. त्याच्याभोवतीचं पाणी पापणी लवायच्या आत कितीदा बदलून जातं. फळ्यावर हा फरक दोन ओळींचा आहे. त्या दोन ओळींच्या मधे माझा भाऊ होता, आणि मी त्याला फक्त पहिलीच ओळ शिकवली होती.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याला घरी जायचं होतं. आम्ही असोद्याला आणलं. आबा त्याला मांडीवर घेऊन पातळ केलेली खिचडी चमच्याने भरवायचे. एवढा कडक माणूस, पण ओठांवरून ओघळलेलं बोटाने पुसायचे. लिव्हर पूर्ण गेलं होतं. जानेवारीत, केळीच्या कापणीच्या दिवसांत, सकाळी तो गेला. तिसाव्याला दोन महिने कमी होते. अंत्ययात्रेला सारा गाव आला. बस स्टँडवर त्याला न उचलणारेही आले, खांदाही दिला. मी कुणाला काही बोलले नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? त्यांनी जे मानलं ते माझ्याच तोंडून ऐकून मानलं होतं.

मला त्याला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायची हिंमत मला तो जायच्या आठवडाभर आधी झाली. दुपार होती. आई पाणी तापवायला मागे गेली होती. उन्हाच्या तिरिपीत त्याची खाट ओढून घेतली होती आणि मी त्याचे आवळलेले हात तेलाने चोळत होते.

मी म्हणाले, "एक सांग मला. माझ्यावर राग काढायचा तर काढ. देवळात तू हो म्हणालास, मी डोळे वटारले म्हणून. ते मला कळतं. पण जळगावला डॉक्टरांसमोर का हो म्हणालास? चार-पाच वर्षं, असं का सांगितलंस? तिथे एकदा नाही म्हणाला असतास तर..."

त्याने बोलायला सुरुवात केली. एकेक शब्द यायला वेळ लागत होता, मधेच लाळ गळत होती, मी पुसत होते. मी त्याला मधेच तोडायची, वाक्य पूर्ण करून द्यायची, ही माझी जन्माची खोड. त्या दिवशी नाही तोडलं.

"तू… इतकी शिकेल," तो म्हणाला. "तू म्हने… हा पेतो. मले वाटलं… तू म्हने म्हंजे… मी पेतच आसीन."

मी हात चोळायची थांबले.

"मंग मी मळ्यात बसून… लई आठवलं अक्का," तो म्हणाला. "कधी पेलो… कोनासंगं पेलो. रोज आठवे. आठवेच ना."